विश्लेषण : घरात फेरबदल करताय? परवानगी कशाला लागते आणि भोगवटा प्रमाणपत्राचा संबंध काय?

घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्क परिसरातली ‘सिद्धी साई’ ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली. १७ जणांचा जीव गेला. दुर्घटनेनंतर सगळ्यांचे लक्ष गेले ते तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलांच्या कामाकडे. तिथे इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप झाला आणि गुन्हाही दाखल झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांनी ना ठेकेदार नेमला होता, ना भिंत पाडली होती. तरीही किंमत त्यांनाच मोजावी लागली.

आज शहरातल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत वर्षभर कुठे ना कुठे ड्रिल मशीन चालू असते. कुणी बाल्कनी खोलीत घेतो, कुणी स्वयंपाकघर आणि हॉल एक करतो, कुणी दोन सदनिका जोडतो, तर कुणी रो-हाउसवर मजला चढवतो. ‘घर माझे, पैसा माझा, मग परवानगी कसली?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. त्याचे उत्तर ‘प्रत्येक कामाला परवानगी लागते’ असे नाही आणि ‘कशालाच लागत नाही’ असेही नाही. कायद्याने या दोन टोकांच्या मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट रेषा आखली आहे. ती सामान्य घरमालकापर्यंत पोहोचलेली नाही, ही खरी अडचण आहे.

कोणता कायदा कुठे लागू?

राज्यातल्या बांधकाम परवानगीचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. बोलीभाषेत त्याला एमआरटीपी कायदा म्हणतात. त्याच्या कलम ४४ नुसार अर्ज करायचा असतो आणि कलम ४५ नुसार नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी महापालिका किंवा नगरपालिका, परवानगी देते किंवा नाकारते. त्याबरोबर मुंबईत १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे, तर राज्यातल्या इतर महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम.

बांधकामाचे प्रत्यक्ष नियम, म्हणजे किती उंची, किती मोकळी जागा, किती चटई क्षेत्र, हे विकास नियंत्रण नियमावलीत असतात. मुंबई महापालिकेची स्वतंत्र नियमावली आहे. काही मोजके भाग वगळता उरलेल्या राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच यूडीसीपीआर लागू आहे. त्यामुळे ठाण्यातल्या नातेवाइकाला जे चालले ते दादरमध्ये चालेलच असे नाही. आधी आपल्या घराला कोणती नियमावली लागू आहे, हे पाहावे.

कोणती कामे परवानगीविना करता येतात?

एमआरटीपी कायद्याच्या कलम ४३ मध्येच देखभाल-दुरुस्तीच्या कामांना मोकळीक आहे. इमारतीच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नसेल, तर अशा कामासाठी स्वतंत्र विकास परवानगी लागत नाही. वारसा इमारतींची गोष्ट वेगळी. तिथे आतल्या कामालाही विचारूनच हात लावावा.

मुंबईच्या अधिनियमात कलम ३४२ खाली राहण्यायोग्य ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्यांची यादीच दिली आहे. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, शौचालय-न्हाणीघराची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप आणि नळ बदलणे, विजेचे व पाण्याचे फिटिंग बदलणे, छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने पुन्हा घालणे ही कामे त्यात येतात. यूडीसीपीआरचा सूरही साधारण असाच आहे. म्हणजे भिंतींना रंग देणे, टाइल्स बदलणे, स्वयंपाकघराचा ओटा नवा करणे, फर्निचर किंवा फॉल्स सीलिंग करून घेणे यासाठी महापालिकेच्या दारात जाण्याची गरज नाही.

मात्र त्याच कलमाने या सवलतीची हद्दही सांगितली आहे. बांधकामाची लांबी, रुंदी किंवा उंची बदलणे, भार पेलणारे खांब, तुळया अथवा भिंती काढणे किंवा बदलणे, जोते किंवा जमीन खाली घेणे, पोटमाळा घालणे किंवा वाढवणे, उतरते छप्पर सपाट करणे ही कामे ‘दुरुस्ती’ या नावाखाली बसत नाहीत. पत्रे काढून स्लॅब टाकणे हे दुरुस्तीचे काम नव्हे, हे चाळी आणि बैठ्या घरांत राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

परवानगी हवीच, अशी कामे कोणती?

पहिला गट इमारतीच्या सांगाड्याचा. कॉलम, बीम, स्लॅब आणि जुन्या इमारतींतल्या भारवाही भिंती यांना हात लागणार असेल, तर परवानगी आणि संरचना अभियंत्याचा अहवाल दोन्ही हवेत. जुन्या इमारतींत एक गोम असते. आरसीसी सांगाडा नसलेल्या इमारतीत आतली साधी वाटणारी विटांची भिंतही वरच्या मजल्याचे वजन घेत असते. ‘ही फक्त पार्टिशनची भिंत आहे’ हे मिस्त्रीच्या तोंडून ऐकून चालत नाही. ते अभियंत्याने लेखी सांगायला हवे.

दुसरा गट क्षेत्रफळाचा. मोकळी म्हणून मंजूर झालेली बाल्कनी भिंत आणि खिडकी लावून खोलीत घेणे, गच्चीवर खोली बांधणे, तळमजल्याच्या सदनिकेने इमारतीभोवतीच्या सामासिक अंतरात शेड टाकणे या सगळ्यांत मंजूर नकाशा बदलतो आणि चटई क्षेत्राचा हिशेबही बदलू शकतो. बाल्कनी चटई क्षेत्रात मोजली की नाही, याचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. मुंबईत जानेवारी २०१२ पासून ती मोजली जाऊ लागली. त्याआधीच्या अनेक इमारतींत मोकळ्या बाल्कनीला सवलत होती. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींना वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात.

तिसरा गट वापराचा आणि मांडणीचा. सदनिकेत दवाखाना किंवा शिकवणी वर्ग काढणे, दोन सदनिका जोडणे किंवा एकीच्या दोन करणे, शौचालयाची जागा हलवणे ही कामे विचारल्याशिवाय करू नयेत. एका खोलीच्या दोन खोल्या करणे किंवा येण्याजाण्याच्या जागेची खोली करणे यासाठीही मुंबईच्या अधिनियमानुसार आधी सूचना द्यावी लागते. कारण त्यातून हवा, उजेड आणि सुटकेची वाट यांचा प्रश्न येतो. शौचालय हलवल्यास खालच्या घरातल्या देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या डोक्यावर सांडपाण्याची वाहिनी येते आणि मग गळतीची भांडणे वर्षानुवर्षे चालतात.

सोसायटीने ‘हो’ म्हटले, मग पुरेसे नाही का?

नाही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत भर घालणे किंवा फेरबदल करणे असेल, तर सदस्याने समितीची आगाऊ लेखी मंजुरी घ्यायची असते. पण समितीला मंजूर नकाशा बदलण्याचा अधिकार नाही. जे काम महापालिकेच्या परवानगीशिवाय होऊच शकत नाही, त्याला सोसायटीच्या ठरावाने कायदेशीर रूप येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. महापालिकेची परवानगी लागत नाही अशा कामासाठीही सोसायटीला लेखी कळवावे. कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकायचा, लिफ्टचा वापर, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग यावर आधीच बोलणे झाले, तर शेजाऱ्यांशी वाद टळतो. समितीनेही केवळ अनामत रक्कम घेऊन मोकळे होऊ नये. काम सुरू असताना एकदा तरी आत जाऊन पाहावे. सांगाड्याला धक्का लागतोय असे दिसले, तर ते थांबवून महापालिकेला कळवावे. इमारत सगळ्यांची असते आणि खांबही.

स्वतःच्या बंगल्यावर किंवा रो-हाउसवर मजला चढवायचा असेल तर?

हे नवे बांधकामच आहे. त्यामुळे पूर्ण प्रक्रिया करावी लागते. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत ऑनलाइन अर्ज करायचा. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मूळ मंजूर नकाशा, आधीचे भोगवटा प्रमाणपत्र, कराची पावती आणि जुना पाया नवे वजन पेलेल याबाबतचा संरचना अभियंत्याचा दाखला जोडायचा. विकास शुल्क आणि इतर आकार भरल्यावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. ते एक वर्षासाठी असते आणि त्यानंतर मर्यादित काळापर्यंत दरवर्षी मुदतवाढ घेता येते. मुदत संपलेल्या परवानगीवर सुरू केलेले काम विनापरवानाच ठरते.

रो-हाउसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. एका आराखड्यात मंजूर झालेल्या अनेक रो-हाउसचे चटई क्षेत्र सामायिक असू शकते. शेजाऱ्याने आधीच मजला चढवला म्हणून आपल्यालाही चढवता येईल, असे गृहीत धरू नये. शिल्लक किती, हे मंजूर आराखडाच सांगतो.

लहान भूखंडांसाठी यूडीसीपीआरने प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमांत बसणारा नकाशा आणि कागदपत्रे सादर करून शुल्क भरले, की ती पोच म्हणजेच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी परवानाधारक तंत्रज्ञाच्या दाखल्यावर दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ही सवलत कार्यालयातल्या हेलपाट्यांपुरती आहे. सामासिक अंतरे, उंची आणि चटई क्षेत्राचे नियम तिथेही तसेच लागू राहतात. ‘दीडशे मीटरपर्यंत काहीही चालते’ हा गैरसमज आहे.

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे काय? फेरबदलाशी त्याचा संबंध कसा?

तीन कागदांत नेहमी गल्लत होते. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र काम सुरू करण्याची मुभा देते. पूर्णत्वाचा दाखला वास्तुविशारद किंवा अभियंता देतो. काम मंजूर नकाशाप्रमाणे पुरे झाले, असे तो त्यात लिहून देतो. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते महापालिका देते. या वास्तूत माणसांनी राहायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. मुंबईत कलम ३५३-अ आणि इतर महापालिकांत कलम २६३ नुसार हा दाखला मिळाल्याशिवाय इमारतीत राहायला जाता येत नाही.

फेरबदलांशी त्याचा संबंध इथे येतो. ओसी एका विशिष्ट नकाशासाठी दिलेले असते. १९९५ साली एकमजली बंगल्याला मिळालेले ओसी २०२५ साली चढवलेल्या मजल्याला लागू होत नाही. नव्या मजल्यासाठी परवानगी काढून काम पुरे केले, तरी पुन्हा पूर्णत्वाचा दाखला देऊन वाढीव भागाचे ओसी घ्यावे लागते. अनेक जण अर्धी वाट चालतात. परवानगी घेतात, घर बांधतात, वास्तुशांत करतात आणि शेवटचा कागद राहून जातो. त्याची आठवण होते ती घर विकताना, कर्ज काढताना किंवा मुलांच्या नावावर करताना. तोवर मूळ वास्तुविशारद निवृत्त झालेला असतो आणि नकाशाची प्रत वाळवीने खाल्लेली असते.

ओसी नसले तर प्रत्यक्षात काय बिघडते?

मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तिथले सदनिकाधारक १९९७ मध्ये राहायला गेले. विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र घेतले नाही. परिणामी रहिवाशांना मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओसी न मिळवून देणे ही सेवेतील त्रुटी असल्याचे मान्य केले. ही चूक रोज सुरू राहणारी आहे, त्यामुळे तक्रारीला उशीर झाला असे म्हणता येणार नाही, असेही सांगितले. निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला, पण तोवर दोन तपे उलटली होती.

वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीचा अनुभव अधिक कडवट. मंजूर मजल्यांच्या वर बांधलेले मजले पाडण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये कायम केला आणि जून २०१४ मध्ये तिथल्या बेकायदा सदनिकांचे पाणी, वीज आणि गॅस तोडण्यात आले. वर्षानुवर्षे तिथे राहून कर भरणाऱ्या कुटुंबांना तो कर वाचवू शकला नाही.

१७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठमधल्या एका अनधिकृत बांधकामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्यावरच वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी द्यावी, बँकांनी तो दाखला तपासूनच इमारतीवर कर्ज मंजूर करावे, दाखल्याशिवाय ताबा देणार नाही अशी हमी विकासकाकडून घ्यावी आणि चुकीचे दाखले देणाऱ्या अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई करावी, असे त्यात आहे. म्हणजे आजवर ‘चालून गेलेले’ बरेच काही यापुढे चालणार नाही.

फेरबदल केलेल्या सदनिकेचेही तसेच. खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊन घर पाहतो. नकाशात बाल्कनी आणि प्रत्यक्षात बेडरूम दिसली, की कर्जाची फाइल अडते. पुनर्विकासात हक्काचे क्षेत्रफळ ठरवतानाही सहसा मंजूर नकाशातले क्षेत्रच धरले जाते. लाखभर रुपये घालून मिळवलेली खोली तेव्हा कागदावर शून्य असते.

ओसी आणण्याची जबाबदारी कुणाची?

नव्या प्रकल्पात ती विकासकाची, यात संदिग्धता नाही. १९६३ च्या मोफा कायद्यानुसार दाखला नसताना ताबा देण्यास विकासकाला मनाई आहे आणि २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार पूर्णत्वाचे किंवा भोगवट्याचे प्रमाणपत्र मिळवून देणे हे प्रवर्तकाचे कर्तव्य आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष निघाला, तर तो विनाशुल्क दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही रेराने त्याच्यावरच टाकली आहे. पण इथे घरमालकाने एक धोका ओळखावा. ताबा मिळताच आपण भिंती पाडल्या, तर ‘दोष आमच्या बांधकामात नाही, तुमच्या फेरबदलात आहे’ असे म्हणण्याची सोय आपणच विकासकाला करून देतो.

ओसी येण्याआधी ‘फर्निचरसाठी ताबा’ देण्याची पद्धतही सर्रास दिसते. तो ताबा घेऊन केलेले फेरबदल संपूर्ण इमारतीच्या ओसीत अडथळा ठरू शकतात. कारण पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला नकाशा आणि जागा यांत फरक दिसतो. आपल्या वाढीव खोलीपायी पन्नास शेजाऱ्यांचे प्रमाणपत्र अडकू शकते.

घरपट्टी भरतो, वीजजोडणी आहे. मग बांधकाम अधिकृत झाले ना?

हा सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज आहे. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी हे दोन वेगळे विभाग, दोन वेगळे कायदेशीर प्रश्न. अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो. १९४९ च्या अधिनियमातल्या कलम २६७-अ नुसार त्यावर मालमत्ता कराच्या दुपटीने शास्ती लावण्याची तरतूद आली. लहान निवासी बांधकामांना नंतर त्यात सूट मिळाली. पिंपरी-चिंचवडमधल्या थकीत शास्तीच्या माफीचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला आणि हजारो कुटुंबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र शास्ती माफ झाली म्हणजे बांधकाम नियमित झाले, असे होत नाही. गावात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद असणे ही आकारणीची नोंद आहे. तीही बांधकाम परवानगी नव्हे.

काम आधीच होऊन गेले असेल तर?

आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. जे बांधकाम नियमांत बसते, फक्त परवानगी घ्यायची राहिली, ते शुल्क आणि दंड भरून नियमित करून घेण्याचा मार्ग असतो. त्यासाठी सुधारित नकाशा आणि संरचना अभियंत्याचा अहवाल घेऊन स्वतःहून अर्ज करावा. जे नियमांत बसतच नाही, म्हणजे सामासिक अंतरातली शेड किंवा चटई क्षेत्राबाहेरची खोली, तिथे काढून टाकणे हाच बहुतेक वेळा पर्याय उरतो.

मध्यंतरी कायदेही आले. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या काही अनधिकृत बांधकामांसाठी एमआरटीपी कायद्यात कलम ५२-अ घालण्यात आले. गुंठेवारी कायदा २००१ चा, त्याची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. पण या योजनांना अटी आणि मुदती असतात. ‘पुढची योजना येईलच’ या भरवशावर आज हातोडा चालवणे शहाणपणाचे नाही.

नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नये. एमआरटीपी कायद्याचे कलम ५३, मुंबईत कलम ३५१ आणि इतर महापालिकांत कलम २६० खाली अशा नोटिसा निघतात. मुदतीत लेखी उत्तर द्यावे, मंजूर नकाशा आणि असलेली कागदपत्रे जोडावीत, पोच घ्यावी. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी बंधनकारक केली आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा नदीपात्रालगतच्या अतिक्रमणांना मात्र हे संरक्षण नाही.

चूक फक्त घरमालकाची आहे का?

अजिबात नाही. एमआरटीपी कायद्याच्या कलम ४५ नुसार प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणारी परवानगी मिळाल्याचे मानले जाते. पूर्णत्वाची सूचना दिल्यावर २१ दिवसांत नकार आला नाही, तर इमारतीत राहण्यास मज्जाव राहत नाही, असे महापालिका अधिनियम सांगतो. या तरतुदी नागरिकाच्या बाजूच्या आहेत. पण ‘मानीव परवानगी’ घेऊन बँकेत गेलेल्या माणसाला शाखा व्यवस्थापक काय सांगतो? शिक्क्याचा कागद आणा. मुदत उलटली की प्रमाणपत्र पोर्टलवरून आपोआप निघाले पाहिजे. तसे होत नाही तोवर ही तरतूद पुस्तकातच राहील.

दंडाचेही असेच. विनापरवाना बांधकामासाठी कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. दंडाची रक्कम मात्र वर्षानुवर्षे किमान २ हजार, कमाल ५ हजार रुपये अशीच राहिली. आज चांगल्या कंपनीचा न्हाणीघरातला एक नळसंच याहून महाग मिळतो. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याला हा दंड लागत नाही, आणि जो प्रामाणिकपणे अर्ज करतो त्याला हेलपाटे लागतात. या रचनेत लोक आडवाटेने गेले, तर दोष एकट्या लोकांना देता येणार नाही.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, कोणत्या कामाला परवानगी नको आणि कोणत्याला हवी, याची एका पानाची मराठी यादी प्रत्येक महापालिकेने काढून सोसायट्यांच्या सूचनाफलकावर लावावी. दुसरी, सदनिकेतल्या लहान फेरबदलांसाठी स्वतंत्र, जलद खिडकी असावी. अभियंत्याचा दाखला, दोन नकाशे, ठरावीक शुल्क आणि ठरावीक दिवसांत उत्तर. लहान भूखंडांना जी सोय यूडीसीपीआरने दिली, ती सदनिकाधारकाला का नसावी? तिसरी, सांगाड्याला हात लावणाऱ्यांवर आणि ते पाहूनही गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्यांवर वचक बसेल अशी कारवाई. बाल्कनीची काच आणि इमारतीचा खांब यांना एकाच फूटपट्टीने मोजणारी यंत्रणा शेवटी दोन्हींकडे काणाडोळा करते.

हातोडा पडण्याआधी काय करावे?

सर्वप्रथम आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि ओसीची प्रत मिळवा. सोसायटीकडे नसेल, तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव किंवा बांधकाम परवानगी विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. गरज पडल्यास माहिती अधिकाराचा वापर करा. नकाशा आणि घर शेजारी ठेवून पाहा. आधीच्या मालकाने केलेले फेरबदल अनेकदा इथेच सापडतात.

दुसरे, सजावटकार आणि ठेकेदार यांच्याआधी संरचना अभियंत्याला घरी बोलवा. त्याच्या एका भेटीचे पैसे एकूण खर्चाच्या मानाने फार नसतात. कोणती भिंत पाडता येईल, कोणती नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्या. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर तिचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का, हेही विचारा. कारण तसे स्थैर्य प्रमाणपत्र घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

तिसरे, सोसायटीकडे लेखी अर्ज करा आणि लेखीच मंजुरी घ्या. परवानगी लागणारे काम असेल, तर ती हातात आल्याशिवाय ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. करारात ‘सांगाड्याला धक्का लावणार नाही’ हे कलम घाला. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि लागू असेल तिथे ओसी घेतल्यावरच वास्तुविशारदाचा शेवटचा हप्ता द्या. बांधकाम परवानगी, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. मुदतीत उत्तर आले नाही, तर अपील करा.

हे सगळे करायला काही आठवडे जास्त लागतील आणि काही हजार रुपये जास्त खर्च होतील. पण हा कागद सर्वांत स्वस्तात मिळतो तो भिंत पाडण्याआधी. त्यानंतर त्याची किंमत दरवर्षी वाढत जाते आणि ती दर वेळी एकट्या घरमालकालाच चुकवावी लागते, असेही नाही. सिद्धी साईच्या वरच्या मजल्यांवरच्या माणसांना कुणी विचारले नव्हते. आपण भिंतीला हात लावण्याआधी निदान एवढे विचारून घ्यावे, की तिच्यावर आणखी कुणाचे घर उभे आहे.